कर्सिव्हचा सराव: झीयोंगकडून सुन ग्वोतिंगकडे

चिनी सुलेखनातल्या कर्सिव्हचा, म्हणजे अक्षरं जोडून आणि संक्षेपाने लिहायच्या वळणाचा, माझा सराव चालू आहे. त्यात झीयोंगची 'हजार अक्षरं' (हजार चिनी अक्षरांचा पाठ) आता बाजूला सारली आहेत. पूर्ण सोडलेली नाहीत, हात मोकळा करायला बसल्याबसल्या एखादी ओळ होतेच. पण खरा सराव आता सुन ग्वोतिंगच्या 'शूपू'वर चाललाय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: झीयोंग हा सहाव्या शतकातला बौद्ध भिक्षू, चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीची याच्या घराण्यातला. त्याने प्रत्येक अक्षर दोनदा लिहिलंय, एकदा सरळ सुट्या वळणात आणि शेजारी कर्सिव्हमध्ये. त्यामुळे कुठली रेघ कुठे गिळली गेली ते समोरासमोर दिसतं. सुरुवातीला याहून चांगला गुरू नाही. अडचण एवढीच, की माझ्याकडची प्रत शीआनमधल्या 1109 साली कोरलेल्या शिळेच्या ठशावरून छापलेली आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं. आकार कळतो, पण शाई कुठे दाट, कुठे सुकलेली, कुंचला कुठे दाबला नि कुठे उचलला, हे सगळं कोरणाऱ्याच्या छिन्नीने खाल्लंय.

'शूपू'त तसं नाही. 687 सालची ही गुंडाळी, लेखकाच्या हातची शाई जशीच्या तशी, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. साडेतीन हजारांहून जास्त अक्षरं, आणि विषयही सुलेखनच! वांग शीचीचे मूळ कागद एकही उरलेले नाहीत, जे आहे ते नकला आणि ठसे. म्हणून त्याच्या वळणाच्या जवळ जायचं तर बहुतेक जण सुन ग्वोतिंगच्या दारातून जातात.

गेले काही दिवस मी एकाच गोष्टीत अडकलोय: रेघांमधल्या गाठी. मोठी करून छापलेली प्रत घ्या आणि एखादी लांब आडवी किंवा तिरपी रेघ नीट बघा. मध्येच ती बारीक होते, तुटल्यासारखी वाटते, आणि लगेच जाड होऊन पुढे जाते, बांबूच्या पेरासारखी. पट्टी लावून पाहिलं तर या गाठी एकाखाली एक, उभ्या रांगेत येतात. कारण साधं आहे. ओळी सरळ याव्यात म्हणून कागदाला घड्या घातल्या होत्या, आणि कुंचला घडीच्या उंचवट्यावरून जाताना अडखळला. पुढे लोकांनी ही गाठ म्हणजे खास हातोटी समजून मुद्दाम गिरवली. मी मात्र कागदाला घडी घालून त्यावर लिहून पाहिलं. गाठ आपोआप येते, काही करावं लागत नाही. तेव्हा नक्कल करताना मी गाठी सोडून देतो आणि रेघ एका दमात ओढतो. तुमचं मत वेगळं असेल तर वाद घालायला तयार आहे.

दुसरी डोकेदुखी डावीकडच्या अंगांची, म्हणजे चिनी अक्षराच्या डाव्या बाजूला येणाऱ्या ठरावीक घटकांची. पाण्याचे तीन थेंब आणि 'बोलणे' हे अंग, सुट्या वळणात यांचा एकमेकांशी संबंध नाही, कर्सिव्हमध्ये दोन्ही एक ठिपका आणि एक खाली उतरणारी रेघ होऊन बसतात. फरक रेघेच्या वळणात असतो, आणि तो चुकला की शब्दच बदलतो. मोडी वाचणाऱ्यांना हे लगेच पटेल: हात न उचलता लिहायचं म्हणजे मनाला येईल तसं लिहायचं नव्हे. कर्सिव्हचे संक्षेप ठरलेले असतात. वेग नंतर येतो. खरं तर 'शूपू' गिरवताना मी इतका सावकाश लिहितो, की बघणाऱ्याला कंटाळा येईल.

कागदाचं म्हणाल तर पावसाळ्यात कच्चा शुआन कागद (शाई चटकन शोषणारा चिनी सुलेखनाचा कागद) वापरणं बंदच केलंय. हवेतली ओल आधीच प्यायलेली असते, कुंचला टेकताच शाई पसरते. बांबूचा पिवळसर सरावाचा कागद बरा, स्वस्तही पडतो. शाई नेहमीपेक्षा थोडी जास्त घोटायची.

"ह्वायसू कधी?" असं विचारलं जातं. ह्वायसू म्हणजे बेफाम कर्सिव्हसाठी नावाजलेला आठव्या शतकातला भिक्षू. इतक्यात नाही. त्याची 777 सालची 'आत्मकथा' तैपेईलाच आहे, सात मीटरहून लांब. पहिल्या सहा ओळी हरवल्या, त्या सोंग राजवटीच्या काळात, अकराव्या शतकात, सू शुनचिनने भरल्या. बाकीची गुंडाळी तरी त्याच्याच हातची का, यावर अभ्यासकांचं आजही जमत नाही. शेवटाकडे अक्षरं अंगात आल्यासारखी वाढत जातात. ते गिरवायला गेलं की नुसता हातवारा होतो. मला त्याची शांघाय संग्रहालयातली रेशमावरची चिठ्ठी जास्त आवडते. अवघी चौदा अक्षरं, मजकूर असा की कडू बांबूचे कोंब आणि चहा फारच उत्तम, खुशाल येऊ द्या, सही ह्वायसू! एवढ्याशा निरोपात दाट शाईपासून कोरड्या ओरखड्यापर्यंत सगळं आहे.

तो गरिबीमुळे केळीच्या पानांवर सराव करायचा अशी दंतकथा आहे. पानं आपल्याकडे काय, मुबलक. करून पाहिलं. ताज्या पानावर शाईचे मणी होऊन पळतात, अर्धवट कोमेजलेल्या पानावर जरा टिकते. हात हलका ठेवायची सवय मात्र लागते, दाबलं की पान फाटतंच.

सध्या 'शूपू'चा सुरुवातीचा भाग प्रत न बघता लिहायचं ठरवलंय. कुंचल्यावर मात्र सल्ला हवा आहे: वीझलच्या केसांचा टोकाला छान आहे, पण लांब ओळीत शाई लवकर संपते, शेळीच्या केसांचा शाई धरतो, पण वळणावर लोळतो. मिश्र केसांचा कोणी वापरत असेल तर टोकाची लांबी किती घेता ते कळवा.