कुस्कोच्या बाजारात आषाढी

आषाढीच्या आधीच्या शनिवारी आईचा फोन आला तेव्हा मी पिशव्या घेऊन हुआंकारोच्या बाजाराकडे निघाले होते. इथे सकाळचे साडेसहा, पुण्यात संध्याकाळचे पाच. "तिकडे उपवासाला काय मिळणार गं तुला?" तिने काळजीने विचारलं. मी म्हटलं, फोन ठेवू नकोस, व्हिडिओ चालू कर. आणि आईला घेऊनच बाजार फिरले.

कुस्को हे पेरू देशातलं, अँडीज पर्वतातलं, ३,४०० मीटर उंचीवरचं शहर. एके काळची इंकांची राजधानी. इथे येणारे पर्यटक जातात तो बाजार म्हणजे सान पेद्रो. १९२५ सालची मोठी मंडई आहे ती, सान पेद्रोच्या चर्चसमोर. फळं, चीज, ओरोपेसा गावाहून येणारे बडीशेपेच्या वासाचे परातीएवढे पाव, एका ओळीत बसलेल्या रसवाल्या बायका, सगळं तिथे एका छपराखाली मिळतं. मीही जाते. पण बटाटे घ्यायचे तर शनिवारी हुआंकारोला, कारण तिथे शेतकरी स्वतः आपला माल घेऊन येतात.

जुलै म्हणजे इथला कोरडा हिवाळा. पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि ऊन वर आलं की तासाभरात स्वेटर नकोसा होतो. बायका पाठीवर बांधलेल्या रंगीत पट्ट्यांच्या चादरी सोडत होत्या, आणि त्या चादरींतून जमिनीवर घरंगळत होते ते बटाटे. पिवळे, गुलाबी, जांभळे, काळपट. कापल्यावर आत जांभळी नक्षी निघणारे. पेरूत बटाट्याचे तीन हजारांहून जास्त वाण आहेत हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि एका चादरीवर वीस तऱ्हा बघणं वेगळं. आईने चष्मा लावला. "ते आल्यासारखं काय आहे?"

तोही बटाटाच. अंगभर गाठी आणि खोल डोळे, सालं काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. इथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव 'खाचुन वाकाची', म्हणजे सुनेला रडवणारा. सासू नव्या सुनेला हा सोलायला देऊन तिचा हात पारखायची, असं सांगतात. आई इतकी खळखळून हसली की शेजारची विक्रेती फोनमध्ये डोकावली आणि तिने आईला हात केला.

ती विक्रेती माझी 'कासेरा'. हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे 'ठरलेली भाजीवाली' आणि 'नेहमीचं गिऱ्हाईक' असे दोन शब्द लागतात. इथे दोघी एकमेकींना कासेराच म्हणतात. मी तिची, ती माझी. आणि कासेरा असलं की 'यापा' मिळतो. यापा हा मुळात केचुआ शब्द. वजन झालं, पैसे दिले, की वर आणखी एक मूठ. भाजीवाली न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकते ना, तेच. सान पेद्रोच्या रसवालीकडेही पेला संपला की मिक्सरमधलं उरलेलं पुन्हा पेल्यात येतं.

मी आईला एकेक गोष्ट दाखवत गेले. शेंगदाणे. रताळी. खालच्या उष्ण भागातून, कियाबांबाकडून आलेले युकाचे लांब कंद, ज्यांच्या पिठापासून आपला साबुदाणा होतो. मिरच्या. आणि पोत्यात बारीक, पांढरट, वाळूसारखा दाणा. "अगं, हा तर राजगिरा!" आई ओरडलीच. इथे त्याला किविचा म्हणतात.

ही सगळीच पिकं मूळची अमेरिका खंडातली. आपल्या वऱ्याच्या तांदळाखेरीज उपवासाचं बहुतेक सगळं ताट समुद्र ओलांडून आलेलं आहे, आणि त्यातला बटाटा तर याच डोंगरांतला. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या हातून यातलं बरंच काही आपल्या किनाऱ्यावर उतरलं. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आला. मुळात तो कॅरिबियन बेटांवरचा, रताळ्याचा शब्द. इथे आजही बटाट्याला 'पापा' म्हणतात. आजीच्या उपवासाच्या डब्याची मुळं या डोंगरात आहेत हे कळल्यापासून मला इथे परकं वाटणं फार कमी झालं आहे.

आईला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते चुन्योने. काळे, हलके, खड्यांसारखे वाळलेले बटाटे. जून-जुलैच्या कडक थंडीत शेतकरी बटाटे उघड्या माळावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, मग पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढतात, पुन्हा वाळवतात. पांढऱ्या प्रकाराला, मोरायाला, वाहत्या पाण्यात कित्येक दिवस बुडवूनही ठेवतात. असे बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. इंकांची कोठारं यांनी भरलेली असत. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे वाळवणच की. आपण उन्हाचं करतो, ते लोक थंडीचं करतात." मला हे इतक्या नेमकेपणाने सुचलं नव्हतं.

कासेराने विचारलं, एवढी खरेदी कशासाठी? माझ्या अडखळत्या स्पॅनिशमध्ये मी विठ्ठल, पंढरपूर, चालत जाणारे वारकरी सांगितले. त्या दिवशी भात नाही, पोळी नाही; बटाटा, शेंगदाणे, राजगिरा चालतो. चालत जाण्याचं तिला लगेच कळलं. इथलेही लोक कोयुर रिती नावाच्या यात्रेला दरवर्षी हिमनदीखालच्या देवस्थानी चढून जातात, गाणी म्हणत, नाचत. उपवासाबद्दल ती एवढंच म्हणाली, "बटाटा असला की माणूस उपाशी राहत नाही." आणि यापा म्हणून सुनेला रडवणारे चार बटाटे पिशवीत टाकले.

एकादशीला बटाटे कुकरमध्येच लावले. या उंचीवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, पातेल्यात बटाटे लवकर शिजत नाहीत. इथला पिवळा बटाटा शिजल्यावर रव्यासारखा भुगा होतो, म्हणून भाजीला घट्ट वाण निवडला. मिरची म्हणून रोकोतो, टोमॅटोएवढी, आत काळ्या बिया आणि जहाल तिखट. युका उकडून किसली आणि तूप-जिऱ्याची फोडणी देऊन, कूट घालून खिचडीसारखी परतली. साबुदाण्याची नाही, पण त्याच कुळातली. चांकाका नावाचा गूळ इथे ढेपेत मिळतो. त्याच्या पाकात फुलवलेला किविचा घालून लाडू वळले. तुळस मिळत नाही. नैवेद्यावर मुन्याची दोन पानं ठेवली. इथे पोटदुखीला त्याचा चहा देतात, वास पुदिन्यासारखा, आणि तुळशीच्याच कुळातली वनस्पती. आई म्हणाली, "ठेव, पांडुरंगाला चालतं."

पुढच्या शनिवारी कासेराला दोन लाडू नेले. तिने एक फोडला, अर्धा शेजारणीला दिला, अर्धा खाल्ला. "किविचा आणि चांकाका," ती ओळखून म्हणाली. दुसरा लाडू तिने चादरीच्या टोकाला गाठ मारून घरी न्यायला ठेवला, आणि माझे बटाटे तोलायला घेतले.