बॅटवुमनचा पोशाख, मराठवाड्याच्या उन्हात: काउल बसला, केप टांगली

बॅटवुमन या टीव्ही मालिकेतल्या नायिकेचा पोशाख घरी फोममध्ये बनवतेय, आजची स्थिती अशी: काउल, म्हणजे डोकं आणि चेहऱ्याचा वरचा भाग झाकणारा मुखवटा, अस्तरासकट डोक्यावर बसलाय, छातीचं चिलखत रंगापर्यंत आलंय, केप, म्हणजे पाठीवरची झूल, कापून टांगलीय. पट्टा आणि बूट बाकी.

पोशाख केट केनचा, म्हणजे पहिल्या सीझनमधल्या बॅटवुमनचा. डिसेंबर २०१८च्या ‘एल्सवर्ल्ड्स’ क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे अनेक मालिकांच्या एकत्र कथेत, अभिनेत्री रूबी रोज पहिल्यांदा बॅटवुमन म्हणून दिसली, तेव्हाचा पोशाख कॉलीन अ‍ॅटवुड यांनी रेखला होता. स्वतंत्र मालिका ऑक्टोबर २०१९मध्ये आली. जानेवारी २०२१पासून केटच्या जागी जाविशिया लेस्लीची रायन वाइल्डर ही नवी बॅटवुमन आली आणि तिच्याबरोबर लाल बटांचे काळे कुरळे केस. तो विग सांभाळायला सोपा, कारण कुरळ्या केसांत गुंता लपतो. पण केटचा लांब लाल विग गोष्टीतच महत्त्वाचा आहे. पोशाख मुळात ब्रूस वेनचा, म्हणजे बॅटमॅनचा, केटचा साथीदार ल्यूक फॉक्सने तिच्या मापाचा केलेला, त्यामुळे गॉथम शहराला वाटतं बॅटमॅन परतला. तिसऱ्या भागात केट लाल केस लावते ते हा गैरसमज पुसायलाच. म्हणून विग आधी ठरवायचा आणि काउल त्याच्या हिशोबाने कापायचा.

मालिकेचं चित्रीकरण व्हँकूव्हरला झालं, आणि फोमकामाचे बहुतेक व्हिडिओही थंड देशांतले. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२च्या वर असतो. व्हिडिओंतल्या वेळा आणि साहित्याची निवड इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. या पोशाखात खरी मेहनत तिथेच जाते.

काउलपासून सुरुवात. डोक्याला क्लिंग फिल्म गुंडाळून त्यावर मास्किंग टेपचे तीन थर द्यायचे. नाक आणि तोंड पूर्ण उघडं हवं, आणि हे काम दुसऱ्या माणसाकडूनच करून घ्यायचं. मधली रेघ, भुवयांची रेघ आणि कानापासून कानापर्यंतची रेघ मार्करने काढायची, मागून कापून कवच उतरवायचं. रेघांवर दर ३ सेंटीमीटरला आडवी खूण हवी, नाहीतर जोडताना एक बाजू सरकते आणि नाक वाकडं येतं. घेर वाढवायला विसरू नका. ५ मिलिमीटर फोमची मधली रेषा डोक्यापासून अडीच मिलिमीटर बाहेर असते, म्हणजे घेरात साधारण १६ मिलिमीटर वाढ. त्यात ३ मिलिमीटरचं अस्तर धरलं तर आणखी १९. ही साडेतीन सेंटीमीटर वाढ धरली नाही तर काउल कपाळावर आवळतो आणि गालाजवळ उघडा पडतो. वाढ एकाच जोडात टाकायची नाही, सगळ्या उभ्या जोडांत वाटायची.

फोम चपलांच्या सोलचं शीट विकणाऱ्यांकडे मिळतो. घेताना बोटाने दाबून बघा; खळगा लगेच भरला तर ठीक, उरला तर फोम पोकळ आहे आणि कड घासताना भुगा होईल. जिमची जोडमॅट छातीला चालते, काउलला जाड पडते. कटरचं पातं काटकोनात धरायचं आणि बोथट झालं की लगेच मोडून पुढचं काढायचं. बोथट पातं फोम कापत नाही, ओढतं, आणि ओढलेली कड कधीच मिटत नाही.

आता सोल्यूशन, म्हणजे चप्पलवाल्यांचा पिवळा गोंद. नियम एकच: दोन्ही कडांना पातळ हात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. व्हिडिओत दहा-पंधरा मिनिटं सांगतात. इथे उन्हाळ्याच्या दुपारी दुसऱ्या कडेला हात फिरेपर्यंत पहिली कड सुकून जाते, आणि असा जोड दिसतो घट्ट, पण पहिल्याच ताणाला उलतो. म्हणून घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवा, एका वेळी १० ते १२ सेंटीमीटरच लावा आणि काम सकाळी आठच्या आत उरका. जागा हवेशीर हवी, जवळ गॅस किंवा निरांजन नको. गच्चीवर वारा असेल तर धूळ बसते आणि धुळीवर जोड धरत नाही. पावसाळ्यात उलटा त्रास: ओल बसून थर पांढुरका दिसला तर तो पुसून पुन्हा लावायचा.

हीट गन १५०० ते २००० वॉटची असते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती लावू नये, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की फोम नुसता कोमट होतो. वरचा पोत मिटून हलकी चमक आली की तापवणं थांबवायचं, लगेच आकार द्यायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरायचा. तयार काउल उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवू नका. आत ६०च्या वर तापमान जातं, सोल्यूशन मऊ पडतं आणि वाकवलेला फोम पुन्हा सपाट व्हायला लागतो.

काउलच्या टोकदार कानांना फोमचे दोन थर आणि मधे तार. तार टोकाच्या २ सेंटीमीटर अलीकडेच थांबवून तिचं तोंड वळवायचं, नाहीतर ती फोम भोसकून बाहेर येते. डोळ्यांची भोकं आधी लहान ठेवावीत आणि घालून बघत दोन-दोन मिलिमीटर वाढवावीत. जिना उतरताना पायाजवळचं दिसलं पाहिजे, तीच कसोटी. विगच्या केसपट्ट्या काउलच्या मागच्या कडेला आतून दोन ओळींत हाताने शिवल्यात. ग्लू-गनचा गरम गोंद इथे नको, घामाने आणि उन्हाने सुटतो.

रंगाचं थोडक्यात. रंगाआधी पाणी मिसळलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे तीन-चार पातळ हात जिथे फोम वाकत नाही तिथेच. खांद्याला आणि बगलेला तो तडकतो. छातीवरचं लाल वटवाघूळ ४ मिलिमीटर फोमचं, कडा तिरक्या कापलेल्या. काळ्यावर थेट लाल मारला तर तो तपकिरी दिसतो, म्हणून खाली पांढरा हात.

चिलखताखाली जाड लेदरसारखं कापड घालायचा मोह टाळावा. फोममधून हवा जात नाही. खाली पातळ ड्रायफिट, म्हणजे घाम लवकर सुकवणारं कापड, वर छाती, पाठ आणि खांदे वेगवेगळे, टिचबटणं आणि रुंद इलॅस्टिकने जोडलेले. बगल आणि कंबर मोकळी राहिली की उष्णतेला वाट मिळते, आणि तासाभराने एकेक भाग उतरवताही येतो.

केप अर्धवर्तुळ. गळ्याची गोलाई ४४ सेंटीमीटर, म्हणजे आतली त्रिज्या १४. लांबी १२०, म्हणजे बाहेरची १३४. ५८ इंची पन्ह्यात ही पावणेतीन मीटरमध्ये बिनजोड निघते. ४४ इंचीत जोड आलाच, आणि तो पाठीवर दिसतो. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड धरलं तर वरचा थर साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे, वर लाल तलम अस्तर. एवढं वजन गळ्याला टांगलं तर केप मागे ओढून गळा आवळते. खांद्याच्या तुकड्यांना टिचबटणांनी लावायची आणि आतून बगलेखालून पट्टी घ्यायची. गर्दीत कुणाच्या पायाखाली आलीच तर बटणं सुटतात, मान वाचते.

वरचं कापड आणि अस्तर खाली एकत्र शिवायचं नाही. दोन्ही वेगळ्या मापाने लोंबतात आणि चुण्या पडतात. दोन दिवस टांगून ठेवली की मधली उभी रेघ आणि दोन्ही तिरक्या बाजू मोजायच्या. तिरक्या बाजू लांबलेल्या असतात. जास्तीचं तेवढं कापून मगच खालच्या टोकदार कमानी आखायच्या.