आईची साक्ष चालत नाही

गेल्या ऑक्टोबरमध्ये, शाळांना आठवडाभराची सुट्टी असताना, मी मुलाला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन येथील, म्हणजे इंग्लंडमधील रेडिंगच्या, एका चित्रपटगृहात हिंदी चित्रपट पाहायला गेले होते. चित्रपटाला ‘१५’ हे प्रमाणपत्र होते आणि मुलाला जुलैमध्येच पंधरा वर्षे पूर्ण झाली होती, त्यामुळे तिकिटे काढताना मनात कोणतीही शंका आली नाही. दाराशी उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्याने उंचपुऱ्या मित्राला काहीच विचारले नाही, दुसऱ्या मित्राने खिशातून वयाचे कार्ड काढून दाखवले, आणि चणीने लहान असलेल्या माझ्या मुलाकडे मात्र पुरावा मागितला गेला.

मी पुढे होऊन सांगितले की मी त्याची आई आहे, त्याला पंधरा पूर्ण झाली आहेत आणि मी स्वतः त्याच्याबरोबर आत बसणार आहे. माझ्या फोनमध्ये त्याच्या पारपत्राचे छायाचित्र होते, तेही दाखवले. त्या तरुणाने अतिशय सौजन्याने सांगितले की मूळ ओळखपत्राशिवाय तो आत सोडू शकत नाही. आम्हा दोघांच्या तिकिटांचे पैसे परत मिळाले. मित्र आत गेले आणि आम्ही दोघे गाडीत येऊन बसलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आई, तू सांगितलेलंसुद्धा पुरत नाही?”

हा प्रश्न माझ्या मनातून अनेक दिवस गेला नाही. ज्या बाईला मुलाच्या जन्माची वेळ मिनिटासकट पाठ आहे, जिने ती पत्रिकेसाठी स्वतः लिहून दिली, तिचा शब्द त्या दाराशी पुरावा ठरत नव्हता. म्हणून या नियमामागे काय आहे, हे मी नीट समजून घेतले.

ब्रिटनमध्ये चित्रपटांना यू, पीजी, १२ए, १५ आणि १८ अशी प्रमाणपत्रे दिली जातात. १२ए चित्रपट बारा वर्षांखालील मूल मोठ्या माणसाच्या सोबतीने पाहू शकते, परंतु १५ आणि १८ यांच्या बाबतीत पालक बरोबर असले तरी सवलत नाही. आपल्याकडील यूए प्रमाणपत्र, २०२३ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या ७, १३ आणि १६ या टप्प्यांसह, पालकांना मार्गदर्शन करते आणि निर्णय त्यांच्यावर सोपवते. येथे पंधराच्या उंबरठ्यावर पालकांचा अधिकार संपतो. त्यातच, ज्या हिंदी किंवा दक्षिणी चित्रपटांना भारतात कुटुंबे लहान मुलांसह जातात, त्यांतील काहींना हिंसेच्या दृश्यांमुळे येथे १५ मिळते, आणि त्यामुळे आपल्या घरांना या नियमाची झळ अधिक लागते.

याचे मूळ आगीच्या भीतीत आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. त्या काळातील नायट्रेटची फिल्म सहज पेट घेत असे, म्हणून १९०९ च्या कायद्याने चित्रपटगृहांना परवाने देण्याचा अधिकार स्थानिक परिषदांकडे आला, आणि पुढे त्याच अधिकाराच्या बळावर परिषदा पडद्यावर काय दाखवावे हेही ठरवू लागल्या. प्रत्येक गावी निराळा निर्णय होऊ नये म्हणून चित्रपट व्यवसायाने १९१२ मध्ये स्वतःचे मंडळ स्थापन केले, तेच आजचे चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे बीबीएफसी (ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म क्लासिफिकेशन). तरीही शेवटचा शब्द आजही परिषदेचाच आहे. २००२ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ला मंडळाने १२ दिले, म्हणजे त्याखालील मुलांना पूर्ण बंदी, तेव्हा काही परिषदांनी आपापल्या हद्दीत लहान मुलांना पालकांसह जाऊ दिले होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर १२ए ही श्रेणी लागू झाली.

२००३ च्या परवाना कायद्यानुसार ही वयोमर्यादा पाळणे ही चित्रपटगृहाच्या परवान्याचीच अट असते, आणि परवान्याच्या अटी जाणूनबुजून मोडल्यास दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कळल्यावर त्या कर्मचाऱ्याविषयी माझ्या मनात राग उरला नाही. नियमही मला योग्यच वाटतो.

माझी तक्रार निराळी आहे. या देशात राष्ट्रीय ओळखपत्र नाही. ते आणण्याचा प्रयत्न झाला होता, पण २०१० मध्ये कायदा करून ती योजना रद्द करण्यात आली. शिकाऊ वाहन परवान्यासाठी पंधरा वर्षे नऊ महिने वय झाल्यावर अर्ज करता येतो. म्हणजे पंधरा पूर्ण झाल्यापासून पुढचे नऊ महिने मुलाला चित्रपट पाहण्याचा हक्क असतो, पण तो सिद्ध करणारा कागद त्याच्याकडे आपसूक येत नाही. आपल्या मुलांकडे पूर्वी बीआरपी हे निवास परवान्याचे कार्ड असे, ज्यावर छायाचित्र आणि जन्मतारीख दोन्ही होते. २०२४ च्या अखेरीस ती कार्डे बंद होऊन सारी नोंद ई-व्हिसात, म्हणजे संगणकावर, गेली. हाती उरते ते भारतीय पारपत्र, आणि ते चित्रपटासाठी मुलाच्या खिशात देण्याचे धैर्य मला होत नाही. हरवले तर पोलिसांत नोंद आणि नव्या पारपत्रासाठी पुन्हा सगळी धावपळ.

उपाय आहे तो ‘पास’ या मान्यताप्राप्त होलोग्रामचे वयाच्या पुराव्याचे कार्ड काढण्याचा. आम्ही अशाच एका, ‘सिटिझनकार्ड’ नावाच्या कार्डासाठी अर्ज केला आणि आता ते मुलाच्या पाकिटात असते. येथे राहणाऱ्या आपल्या पालकांना मी आग्रहाने सांगते की हे कार्ड मुलाच्या पंधराव्या वाढदिवसाच्या आधीच काढून ठेवावे, कारण मित्रांसमोर परत फिरावे लागण्याचे दुःख त्या वयात फार खोल जाते.

येत्या मे महिन्यात कोल्हापूरहून माझा भाचा येणार आहे. मी ताईला फोन करून सांगितले की त्याला बाहेर नेताना त्याचे मूळ पारपत्र मी माझ्या पर्समध्ये ठेवीन, कारण येथील दारावरचा माणूस आधार कार्ड ओळखेलच असे नाही. ताई म्हणाली, “अगं, त्याला आता पंधरावं लागलंय, काही अडचण येणार नाही.” मी तिला जन्मसाल विचारले आणि बोटांवर मोजले. पंधरावे लागले, म्हणजे चौदाच पूर्ण झाली होती. तेव्हा त्याच्यासाठी १२ए चा चित्रपट शोधते आहे.