खांबावरचा नंबर

पिल्लू आलं ते एका सॅकमधून, ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं. सकाळचे आठ वाजले असतील. मी मागच्या पडवीत गुआरुमो नावाच्या झाडाच्या पानांच्या जुड्या बांधत बसले होते. फाटकाशी सायकली टेकवून एक तरुण परदेशी जोडपं धावतच आत आलं. मुलगी रडवेली झाली होती. "रस्त्याच्या कडेला पडलं होतं, एकटंच. आई कुठेच दिसली नाही," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. टॉवेल उघडला तर आत मुठीएवढं डोकं, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे, आणि पुढच्या पायाला तीन-तीन नखं. तीनबोटी स्लॉथचं, म्हणजे झाडांवर उलटं लटकून राहणाऱ्या एका संथ प्राण्याचं, पिल्लू.

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन प्रांताच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका वन्यजीव बचाव केंद्रात माझा तो तिसरा आठवडा होता. तोवर मी एकाही प्राण्याला हात लावलेला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण वर्षावनात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हटलं की कुशीत पिल्लू घेतलेला फोटोच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. माझं काम होतं पहाटे पानं तोडून आणणं, पिंजरे घासणं, भांडी उकळणं, वजनांच्या नोंदी ठेवणं. जे केंद्र पहिल्याच दिवशी तुमच्या हातात पिल्लू देतं, तिथे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कोस्टा रिकाच्या सरकारनेही 2019 मध्ये वन्यप्राण्यांना धरून काढलेल्या सेल्फींविरुद्ध मोहीम काढली होती. हाताळल्यावर स्लॉथ धडपड करत नाही, ओरडत नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याला आवडतंय. प्रत्यक्षात तो भीतीने थिजलेला असतो.

आमच्या पशुवैद्य बाईंनी पिल्लू तपासलं. वजन तीनशे चाळीस ग्रॅम. हाडं शाबूत, डाव्या कोपराला खरचटलेलं, अंग मात्र गार पडलेलं. स्लॉथच्या शरीराचं तापमान आपल्यासारखं एका जागी टिकत नाही, भोवतालच्या हवेबरोबर वरखाली होतं. पावसात भिजलेलं पिल्लू फार लवकर गारठतं. कोमट पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून त्यांनी ती त्याच्या पोटाशी दिली. त्याने लगेच तिला मिठी मारली आणि मग तोंड उघडून पहिल्यांदा ओरडलं. बारीक, ताणलेली शिटी, एकाच सुरातली. थांबायचं, पुन्हा तीच शिटी.

"किती वाजता उचललंत? कुठे?" बाईंनी विचारलं.

सहाच्या आधी, ते दोघे म्हणाले. मग दोन तास ते याला-त्याला विचारत केंद्राचा पत्ता शोधत फिरले. आणि जागा? कच्चा रस्ता, एका बाजूला झाडी. त्या भागात सगळीकडे कच्चे रस्तेच आहेत आणि सगळ्यांच्या एका बाजूला झाडी आहे.

तीनबोटी स्लॉथचं पिल्लू माणसाने वाढवणं किती कठीण, ते केंद्रात राहिल्यावर समजलं. दुबोटी स्लॉथ त्या मानाने टिकतात. तीनबोटींचं सगळंच नाजूक. पिल्लू जवळजवळ सहा महिने आईच्या पोटाला चिकटून असतं. या काळात ते नुसतं दूध पीत नाही, आईच्या तोंडाजवळची चघळलेली पानं चाटून चाटून कुठलं झाड खायचं ते शिकतं. रानातल्या कितीतरी झाडांपैकी आई ठरावीक झाडांवरच जगते आणि तिची ती निवड पिल्लाकडे जाते. पानं पचवणारे जंतूसुद्धा आईकडूनच मिळतात. एक जेवण पूर्ण पचायला कित्येक दिवस, कधी कधी महिनाही लागतो, इतकं ते पोट संथ. हे सगळं सिरिंजमधून कसं देणार? म्हणून बाईंचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा: आई जिवंत आहे का, आणि असली तर कुठे?

तेवढ्यात त्या मुलीने चाचरत फोन पुढे केला. पिल्लू उचलल्यावर त्यांनी एक फोटो काढला होता. बाई रागावल्या नाहीत. फोटो मोठा करत करत त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. मुलाच्या खांद्यामागे विजेचा एक खांब होता आणि त्यावर रंगवलेला नंबर. शेवटचा आकडा अर्धा कापला गेलेला, बाकीचे स्पष्ट. ओळखीच्या एका लाइनमनला त्यांनी तिथूनच फोन लावला. दहाव्या मिनिटाला त्याचं उत्तर आलं: कुठला रस्ता, कुठल्या ओढ्यापासून पुढे.

निघण्याआधी आम्ही पिल्लाचं ओरडणं फोनवर रेकॉर्ड केलं. शेळीचं कोमट दूध थेंब थेंब पाजलं. मग टोपली, दुर्बिणी, स्पीकर, दोर आणि रेनकोट घेऊन आम्ही चौघं जीपमध्ये बसलो. त्या जोडप्यालाही बाईंनी सोबत घेतलं. नेमकी जागा त्यांच्याशिवाय कोण दाखवणार?

खांब सापडला. रस्त्याच्या डाव्या हाताला ताजा मोकळा केलेला प्लॉट होता. लाल माती उघडी पडलेली, कापलेल्या बुंध्यांतून अजून चीक पाझरत होता. दोन गुआरुमो आडवे पडलेले होते, त्यांच्या हाताच्या पंजासारख्या पानांच्या कडा अजून वाळल्याही नव्हत्या. प्लॉटच्या कोपऱ्यात वेलींनी गच्च भरलेली चार-पाच उंच झाडं तेवढी राखली होती. उजव्या हाताला जुना कोकोचा बाग आणि त्यावर सावली धरणारे प्रचंड वृक्ष. मधून बारा-तेरा मीटरचा रस्ता, आणि रस्त्यावरून विजेच्या तारा, आवरण नसलेल्या.

त्या तारांकडे बघून सगळेच गप्प झाले. या किनाऱ्यावर बचाव केंद्रांत येणाऱ्या स्लॉथ आणि माकडांत शॉक लागलेले प्राणी कायमच असतात. झाडांचं छत तुटलं की त्यांना पलीकडे जायला तारच फांदीसारखी दिसते. एका तारेवर लटकलं तर काही होत नाही. दुसरीला हात लागला की संपलं. भाजलेला स्लॉथ काही वेळा तारेला तसाच लटकून राहतो, कारण त्याची पकड मेल्यावरही सुटत नाही. सगळ्यांनी आधी तारा पाहिल्या. तारांवर काही नव्हतं.

मग शोध सुरू झाला. झाडावरचा तीनबोटी स्लॉथ दिसायला नशीबच लागतं. केसांत हिरवं शेवाळ, अंगाची गुंडाळी केलेली, तासन्‌तास हालचाल नाही. मी तीन वेळा "सापडली!" म्हणून ओरडले. तिसऱ्या वेळी कोकोच्या बागेच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "पोरी, ते वाळवीचं घर आहे."

सत्तरी ओलांडलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी कोयता घेऊन उभ्या होत्या. बाग त्यांचा. त्यांचे पूर्वज जमैकाहून आलेले, या किनाऱ्यावरच्या बहुतेक आफ्रो-कॅरिबियन कुटुंबांसारखेच. कोकोवर त्यांची तीन पिढ्या घरं चालली. मग 1970च्या दशकाच्या शेवटी मोनिलिया नावाची बुरशी आली आणि फळं झाडावरच पांढरी पडून सडली. शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या, कुणी केळी लावली. "माझ्या वडिलांनी झाडं तोडली नाहीत," आजी म्हणाल्या. "म्हणाले, कोको गेला तरी सावली आपली आहे." त्या सावलीत आज स्लॉथ राहतात, टुकान पक्षी येतात, पहाटे हाउलर माकडांच्या डरकाळ्यांनी बाग दणाणतो. मला वाटतं, त्या रस्त्यावरचं सगळ्यात मोठं संवर्धन त्या घराने केलं होतं, आणि त्याला संवर्धन असं नावही कुणी दिलं नव्हतं.

आजींनीच सांगितलं, पोटाशी पिल्लू असलेली मादी महिनाभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसायची. पलीकडच्या गुआरुमोवरून तारांच्या वरून फांदी आली होती, तिच्यावरून ये-जा करायची. आदल्या दिवशी दुपारी तो गुआरुमो पडला. मादी तेव्हा प्लॉटच्या बाजूला होती.

म्हणजे त्या कोपऱ्यातल्या वेलींत.

स्पीकर झाडाखाली ठेवून आम्ही आवाज सुरू केला. तीनबोटी स्लॉथला दिवसाउजेडी फारसं दिसत नाही, त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशीच नाहीत. पण पिल्लाची शिटी आईला ऐकू येते. अर्धा मिनिट आवाज, मग पाच मिनिटं शांतता. पिल्लाची टोपली बुंध्याला, माणसाच्या उंचीवर बांधली. आम्ही लांब जाऊन बसलो. पिल्लू आता स्वतःही ओरडत होतं. रेकॉर्डिंग आणि ते, दोन्ही एकाच सुरात.

अकरा वाजले. साडेबारा. पाऊस आला, तिथला पाऊस सर म्हणून येत नाही, छप्पर कोसळल्यासारखा येतो. टोपलीवर केळीचं पान झाकलं. त्या मुलीने स्वतःचा रेनकोट काढून स्पीकरवर टाकला आणि भिजत बसली. दोनच्या सुमारास बाईंनी घड्याळ पाहिलं. त्यांनी मनात कुठली वेळ ठरवली होती ते मी विचारलं नाही. पिल्लाची शिटी एव्हाना बारीक झाली होती, दोन शिट्यांमधलं अंतर वाढत होतं.

पावणेतीनला वेलींचा एक गुच्छ हलला. वारा नव्हता.

ती उतरायला लागली. शेपटीकडचा भाग आधी, एक पाय, थांबणं, दुसरा पाय. वीस मीटर उतरायला तिला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास मी कधीच विसरणार नाही. मध्ये एकदा ती पूर्ण थांबली, मान जवळजवळ मागे फिरवून खाली पाहत राहिली. त्यांच्या मानेत आपल्यापेक्षा जास्त मणके असतात, म्हणून ते जमतं. मी श्वास घ्यायचा विसरले होते. टोपलीपाशी पोचल्यावर तिने नाक पुढे केलं. पिल्लाने हात उचलला, हवेत चाचपडला, एकदा चुकला, आणि मग ती तीन नखं आईच्या छातीच्या ओल्या केसांत रुतली. दुसरा हात. मग सगळं अंगच टोपलीतून निघून तिच्यावर गेलं.

शिटी थांबली. सकाळपासून ती कानात इतकी बसली होती की आता पावसाच्या थेंबांचाच आवाज मोठा वाटायला लागला. जीपच्या चालकाने डोळे पुसले. मीही पुसले.

पण आई वर जायला वळली आणि बाईंनी घाई केली. वर गेली असती तर उद्या तारेवर आली असती, तिचं खाणं सगळं पलीकडे होतं. शक्यतो हात लावायचा नाही हा नियम बाईंनीच आम्हाला शिकवला होता आणि तो मोडायचा निर्णयही त्यांनीच घेतला. मागून, काखेखाली धरून, एकेक नख सालीपासून सोडवत त्यांनी मायलेकराला उचललं. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिले. बस आली. चालकाने इंजिन बंद केलं, आतले प्रवासी खिडक्यांना चिकटले, कुणी हॉर्न वाजवला नाही. आजींनी कुंपणाची तार कोयत्याने वर उचलून धरली. बाई खालून वाकून गेल्या आणि कोकोमधल्या एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी त्यांनी तिला टेकवलं. तिने झाडाला मिठी मारली आणि वर निघाली. त्याच गतीने.

संध्याकाळी बाईंनी वीज कंपनीला फोन केला. तारांना आवरण घालायला अर्ज करा, पाहणी होईल, असं उत्तर मिळालं. अर्ज त्याच रात्री गेला. मी तिथे असेपर्यंत पाहणी झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या देशाने 1996च्या वन कायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली, इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्यांना पैसे दिले, एकेकाळी पाव भागावर आलेलं वनक्षेत्र पुन्हा निम्म्याच्या वर नेलं आणि 2021 मध्ये स्लॉथला राष्ट्रीय प्रतीक केलं, तिथेही रस्त्याकडेचा एक गुआरुमो जातो तेव्हा त्याची नोंद कुठेच होत नाही. आणि एका मादीच्या जगाचे दोन तुकडे होतात.

पुढचे चार दिवस आम्ही त्या जागेवरच काम केलं. प्लॉटच्या मालकाने, आजींनी स्वतः जाऊन समजावल्यावर, कोपऱ्यातली झाडं कायम राखायचं कबूल केलं. तिथून आजींच्या बागेपर्यंत, तारांपासून बरंच दूर, आम्ही जाड दोर ताणला. स्लॉथला रुंद पूल लागत नाही, एकच दोर पुरतो, उलटं लटकून तो जातो. ताण नीट बसायला तीनदा सोडून बांधावा लागला. रस्त्याच्या कडेने केंद्राच्या रोपवाटिकेतली एकवीस रोपं लावली, त्यातले नऊ गुआरुमो. ते भराभर वाढतं, पण तारांवरून फांदी पोचायला वर्षं जातील. दोराच्या टोकाशी कॅमेरा बसवला.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यातलं कार्ड काढून आणलं. पाच रात्रींत दोरावरून एक किंकाजू, म्हणजे झाडांवर राहणारा एक निशाचर प्राणी, दोनदा गेला होता आणि एक ओपोसम, पिशवीवाला छोटा प्राणी, अर्ध्यावरून परत फिरला होता. मादी दिसली नाही. आजी मात्र म्हणाल्या, सकाळीच पाहिली, विहिरीमागच्या झाडावर, पोटाशी पिल्लू होतं. मी दुर्बीण लावून बराच वेळ शोधलं. मला वाळवीचं घरच दिसलं.