खुडूक

कांदे आणायला कोठीच्या खोलीत गेलो, तर पाटीतून कुणीतरी गुरगुरलं. मांजर असेल म्हणून हात घातला आणि मनगटावर टोच बसली. आमची तांबडी कोंबडी! अंग फुलवून, दुप्पट होऊन, दोन कांदे पोटाखाली घेऊन बसली होती. नजर शून्यात. खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसायची ओढ लागली होती.

खुडूक उतरवायला कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीतून पीस आरपार घालतात. मला ते बघवत नाही. शिवाय गुन्हा आमचाच. तिची अंडी आम्ही रोज खाल्ली, आणि कोंबडा आखाडात गेला. (कुठे गेला ते विचारू नये.) म्हणजे अंडी उरली असती तरी त्यांतून काही निघालं नसतं. दुकानातली पोल्ट्रीची अंडीही तसलीच, बिनकोंबड्याची. तेव्हा फळलेली अंडी विकत आणणं आलं.

तालुक्याच्या गावाबाहेर एकजण कडकनाथ पाळतो. 2018 साली मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे या कोंबडीचं नाव जरा अदबीनंच घेतात. कोंबडी आतून-बाहेरून काळी, म्हणून अंडंही काळंभोर असेल अशी माझी समजूत. निघालं फिकट बदामी. हिरमोड झाला. वर तो म्हणाला, "आमच्या या अंडी घालतात, पण बसायचं नाव नको. बसायला तुमची गावरानच पाहिजे."

30 रुपयाला एक, अशी 11 घेतली. एसटीत मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला पोटात गोळा. हिसके बसलेली अंडी लगेच बसवू नयेत, म्हणून एक दिवस जाड टोक वर करून तशीच ठेवली. दुसऱ्या रात्री अंधारात कांदे काढले आणि अंडी सरकवली. तिनं चोचीनं एकेक आत ओढून घेतलं. कुणाची, कितीची, काही चौकशी नाही.

आजीच्या काळात अंडी विकत आणायचा प्रश्न नव्हता. शेजारणीची अंडी, आमची कोंबडी, पिल्लं निम्मी-निम्मी. रवणाला, म्हणजे उबवायला, ठेवायची अंडी कायम विषम. पाटीत कोळशाचा खडा आणि लोखंडी खिळा, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्याचा आणि विजेचा काय संबंध, हे आम्ही विचारलं नाही. मीही परवा खिळा ठेवलाच.

अठराव्या दिवशी भर दुपारी आजी परातीत कोमट पाणी घ्यायची. कोंबडी दाणे टिपायला उतरली की अंडी पटकन पाण्यात. आम्हा पोरांना श्वाससुद्धा हळू घ्यायचा हुकूम. पाणी निवांत व्हायचं. मग वारा नाही, कुणाचा हात नाही, आणि एखादं अंडं आपलं आपण हलायचं. "डुललं गं बाई!" म्हणून आजीच पोरासारखी ओरडायची. न डुलणारं ती बाजूला काढायची, पण टाकायची नाही. पुन्हा कोंबडीखालीच. "झोपलं आसंल," म्हणायची.

मी मात्र सातव्या रात्री टॉर्च लावून बघितलं. नऊ अंड्यांत लाल शिरांचा कोळी दिसला, दोन निवळशंख निघाली. ती काढली. कोंबडी दिवसातून एकदा उतरायची, दाणापाणी करून परत. तेवढा वेळ मी घड्याळ घेऊन उभा. तिला घाई नसायची, मला असायची.

विसाव्या दिवशी अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू आली आणि तिचा आवाजच बदलला. इतके दिवस गुरगुरणारी बाई एकदम हळू कुडकुड बोलायला लागली, आतल्यांशी. एकविसाव्याला आठ पिल्लं, पाठीवर गडद पट्टे, निळसर काळी. आई तांबडी. दोघांपैकी कुणालाच त्याचं काही नाही.

तेविसाव्या दिवशी ती पिल्लं घेऊन अंगणात उतरली. पाटीत एक अंडं राहिलं. घरात कुणी नाही असं बघून मी परात काढली.

अंडं तरंगत होतं. डुलत नव्हतं. मी बघत बसलो. किती वेळ, कोण जाणे. बायको दारात येऊन उभी राहिली, परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"खुडूक झालात की काय?"

पाणी निवत आलं होतं. मी उठून त्यात थोडं ऊन पाणी ओतलं.