वाट कुणी शोधली, हे एकदा सांगायलाच हवं

ओमानमध्ये पाहुण्यांना गाडीने वाळवंट आणि किनारे दाखवायचा आमचा धंदा आहे. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आमच्या मस्कतच्या ऑफिसात आलं. चहा यायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे सरकवला. "या बीचवर न्याल का? रस्ता माझ्याकडे आहे." मी पडद्यावरची निळी रेघ पाहिली, गाडी चालवताना मोबाइलवर नोंदवलेली वाट. डांबरी सोडल्यावर ती जिथे जिथे वळत होती, ती सगळी वळणं माझी होती. सपाटीवर एका जागी रेघेला पोक आलं होतं, तेही तसंच. त्या जागी टपावरची ताडपत्री उडाली होती आणि ती पकडायला मी गाडी बाजूला घेतली होती. आता शेकडो लोक त्या रेघेवरून जातात आणि प्रत्येक जण तिथे वळतो.

म्हणून हे लिहायला बसलो. आमची वाटचाल आजवर कुणी विचारली नाही, आणि आम्हीही सांगितली नाही. तिथेच चुकलं.

खलूफच्या पुढचा तो किनारा आहे, एवढंच सांगतो. नेमकी जागा लिहिणार नाही. मस्कत, सिनाव, महूत असं उतरत गेलं की ओमानच्या मधल्या किनाऱ्यावर खलूफ हे मासेमारीचं गाव लागतं. एका हाताला बर्र अल हिकमानची दलदल, दुसऱ्या हाताला पांढऱ्या वाळूच्या टेकड्या. ती वाळू आतल्या शर्किया वाळवंटासारखी तांबूस नाही. शिंपल्यांचा चुरा आहे तो, दुपारी डोळे उघडू देत नाही. या टेकड्या जिथे थेट समुद्रात उतरतात, तिथे मध्येच एक वाकण आहे. तिन्ही बाजूंनी वाळू, समोर पाणी, माणूस नाही, दिवा नाही. आम्ही पहिल्यांदा तिथे पोचलो ती फेट वादळानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. जून 2010 मध्ये ते वादळ मसिरा बेटाजवळून गेलं, आणि त्याआधी मी पाहून ठेवलेली वाट त्याने मोडून टाकली होती.

पोचायला दोन हिवाळे लागले. आज कुणाला ते खरं वाटत नाही. उपग्रहाच्या चित्रात सगळं सोपं दिसतं. सडकेपासून किनारा बोटभर अंतरावर. पण त्या बोटाखाली सबखा आहे, हे चित्र सांगत नाही. सबखा म्हणजे मिठाची सपाटी. वर कडक पापुद्रा, खाली ओला गाळ. उन्हात वरचं पाणी उडतं, मीठ वर राहतं, आणि दिसायला सिमेंटचं अंगण होतं. माणूस चालला तर काही होत नाही. तीन टनांची गाडी गेली की पापुद्रा फुटतो आणि ती थेट चासीवर बसते. वाळूत रुतलेली गाडी तासाभरात निघते. सबख्यात रुतलेली गाडी दुसऱ्या दिवशी निघाली तर नशीब.

माझ्या ऑफिसात भिंतीला एक सळई टांगलेली आहे. दहा एमएमची, कंबरेएवढी, वरच्या टोकाला आडवी मूठ वेल्ड केलेली, टोकापासून चार-चार बोटांवर कानसीच्या खुणा. लोक विचारतात, हे काय? याच सळईने आम्ही वाट शोधली. पन्नास पावलं चालायचं, मनगटाच्या जोराने टोचायची. पहिल्या खुणेवर अडली तर ठीक. दुसरी खूण आत गेली तर गाडीतली माणसं उतरवून रिकामी गाडी न्यायची. आणि टोकाला काळा गाळ लागून सडका वास आला, तर मागे फिरायचं, वाद घालायचा नाही. असं कित्येक किलोमीटर पायी टोचत गेलोय आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि अम्मी.

अम्मी हे माझे भागीदार. खलूफचे मच्छीमार, बदू म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या घराण्यातले. मला ते पहिल्या दिवसापासून "सदीक" म्हणजे मित्र म्हणतात. मी त्यांना सुरुवातीला "अरबाब" म्हणजे मालक म्हणालो तर रागावले. "अरबाब पगार देतो. मी तर तुझं पेट्रोल जाळतोय." मग मी अम्मी म्हणू लागलो, अरबीत अम्मी म्हणजे माझे काका. बोटीवरच्या कामगारांकडून शिकलेली त्यांची हिंदी आणि माझी मोडकी अरबी, एवढ्यावर आमचा धंदा उभा राहिला. त्या काळी परदेशी माणसाला कंपनी काढायची तर साधारण 30 टक्के हिस्सा ओमानी माणसाचा लागायचा. पुष्कळ जण कागदापुरता भागीदार घ्यायचे, वर्षाला ठरलेली रक्कम द्यायचे आणि त्याचं तोंडही बघायचे नाहीत. अम्मी पहिल्या दिवसापासून पुढच्या गाडीत बसले. 2020 पासून परकीय गुंतवणुकीचा नवा कायदा लागू झाला, बऱ्याच धंद्यांत पूर्ण मालकी घेता येऊ लागली, तेव्हा आमचा हिशोबनीस म्हणाला, आता त्यांचा हिस्सा काढून घ्या. मी त्याला कागद परत बॅगेत ठेवायला सांगितले.

वाट म्हणजे वेळ, हे मला अम्मींनी शिकवलं. शेवटचा टप्पा किनाऱ्यावरूनच आहे, ओल्या कडक वाळूवरून, आणि तो फक्त ओहोटीला उघडा असतो. पाणी पूर्ण उतरायच्या दोन तास आधी शिरायचं आणि उतरल्यावर दीड तासाच्या आत पलीकडे निघायचं. ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी टेकडीच्या पायापर्यंत येतं आणि सबख्याच्या कडेवरही चढतं. म्हणून आम्ही फेऱ्या अष्टमीच्या आसपास ठेवतो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा. जून ते सप्टेंबर तर विचारच नको. नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळवतो आणि टेकड्यांची माथी हलवतो. दर ऑक्टोबरला टेकड्यांमधली खिंड नव्याने शोधावी लागते. वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि चढायला सोपी, आडोशाची बाजू भुसभुशीत आणि अंगावर येणारी. कालची खिंड आज आडोशाची बाजू झालेली असू शकते. मोबाइलमधल्या रेघेला यातलं काय कळणार?

आमच्याकडे तीन हिवाळे गाडी चालवलेला एक जण होता. नाव घेत नाही. चालवायचा उत्तम, हे मान्य करतो. प्रत्येक फेरीला तो मोबाइलवर वाट नोंदवत होता, आणि मीच त्याला शाबासकी देत होतो की बघा, पोरगा किती काळजीने काम करतो. रमजानच्या आधी त्याने काम सोडलं. ईद झाल्यावर त्याच्या गाड्या त्याच किनाऱ्यावर, आमच्यापेक्षा माणशी 20 रियाल कमी दराने. रेघ त्याने सगळ्यांना वाटूनही टाकली. जाहिरातीत लिहिलं होतं, "आम्ही शोधलेला किनारा." अम्मींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन गाडीची हवा तपासत बसले.

आणि मग फेब्रुवारीतली ती रात्र. मी तापाने मस्कतला पडलो होतो, अम्मी घरच्या लग्नात. फेरी रद्द करायला हवी होती. पण दराच्या स्पर्धेत गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मी दोन नव्या ड्रायव्हरांना पाठवलं. आणि पाठवलं कशाच्या जोरावर? आमच्याच त्या रेघेच्या. पौर्णिमा होती. पाहुण्यांना फोटो हवे होते, निघायला तीन तास उशीर झाला. किनारा बंद झालेला पाहून पुढच्याने सबख्यावरून आडवी गाडी घातली. फुटला पापुद्रा. दुसरा त्याला ओढायला गेला, त्याचीही बसली. पाहुणे अंधारात सहा किलोमीटर चालत सडकेवर आले. कुणाला खरचटलंही नाही, हे मी आजही देवापुढे म्हणतो. पहाटेच्या भरतीला पाणी आलं आणि एका लँड क्रूझरच्या सीटपर्यंत चढलं. खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं की गाडी संपली. विमा कंपनीने एका ओळीत हात वर केले. बँकेचे 14 हप्ते बाकी होते.

त्या बुडालेल्या गाडीचा फोटो दुपारपर्यंत सगळीकडे पोचला. कुणी पसरवला ते मला माहीत आहे. खाली लिहिलं होतं, "स्वस्तात सुरक्षित प्रवासासाठी आम्हाला विचारा." त्या हंगामातल्या 11 बुकिंगपैकी 9 रद्द झाली. मी ऑफिसची चावी घरमालकाला द्यायला निघालो होतो.

दोन माणसांनी ती चावी माझ्याच हातात राहू दिली. एक अम्मी. त्यांनी बोटीचं यामाहा इंजिन विकलं आणि पैसे वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिले. दोन महिने दुसऱ्याच्या बोटीवर मजुरी केली. दुसरी, एक डच बाई. दर जानेवारीत बर्र अल हिकमानला पक्षी बघायला यायची. हिवाळ्यात तिथे लाखो पाणपक्षी उतरतात, आणि ओहोटीच्या चिखलात क्रॅब प्लोव्हर नावाचा पक्षी खेकड्याचा पाय धरून आपटतो, ते बघत ती तास-तास दुर्बिणीला डोळा लावून बसे. तिने फोटो पाहिला होता. फोन करून एवढंच विचारलं, "त्या दिवशी गाडीत तुम्ही होता का? अम्मी होते का?" दोघंही नव्हतो म्हटल्यावर तिने पुढच्या दोन वर्षांचे पैसे आगाऊ पाठवले. तिच्यासाठी आम्ही आजही मागच्या सीटची खिडकी सगळ्यात आधी पुसतो.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. मार्च 2020 नंतर सगळ्यांचंच बंद होतं, आमचंही होतं.

या धंद्यात नवे येणाऱ्यांना सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. वाळूत शिरताना टायरची हवा 16 पीएसआयवर आणा, पण 12 च्या खाली जाऊ नका. एवढ्या कमी हवेत उतारावर आडवे वळलात तर टायर रिमवरून सुटतो. गेज पितळी डायलचं घ्या, पेनासारखं मिळतं त्यावर विसंबू नका. जॅकखाली घालायला जाड लाकडी पाट हवाच, नाहीतर जॅक खाली जातो आणि गाडी तिथेच राहते. फावडं लांब दांड्याचं. घडीचं फावडं दुकानातच शोभतं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की रेस सोडा. प्रत्येक जास्तीच्या फेऱ्याला पुढे अर्धा तास खणावं लागतं. परत आल्यावर चासी खालून गोड्या पाण्याने धुवा, त्याच रात्री, कितीही थकलात तरी. आणि किनाऱ्यावर रात्री गाडी चालवू नका. या समुद्रातली कासवं अंडी घालायला बहुतेक अंधारातच वर येतात.

अम्मींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पुढे बसतात, काच खाली करतात आणि टायरचा आवाज ऐकतात. "सदीक, दोन कमी कर," म्हणतात. मी उतरून दोन पीएसआय कमी करतो. आजवर एकदाही ते चुकलेले नाहीत.

त्या मोबाइलवाल्या गिऱ्हाइकाला आम्ही घेऊन गेलो. अष्टमी होती, महूतच्या पलीकडे उजाडलं. सपाटीवरच्या त्या पोकापाशी गाडी सरळ गेली, तसं त्यांनी मागून विचारलं, "इथे वळायचं ना? रेघ बाजूला जाते." मी त्यांना ताडपत्रीची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मिळाली का ती?"

मिळाली. अजून तीच अंथरतो. तुम्ही आत्ता तिच्यावरच पाय ठेवून बसला आहात, असं त्यांना म्हणालो.