जुन्या कॅसेटचा हिशेब: प्रसारणाची मुदत संपली, पण आतल्या ऐवजाची?

पुण्याहून आलेली व्हीएचएस कॅसेट अखेर संगणकात उतरली. खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसत होती, म्हणून ती थेट व्हीसीआरमध्ये घातली नाही. बुरशी एकदा हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, आणि सांगलीच्या पावसाळ्यात ती फोफावायला वेळ लागत नाही. स्क्रू काढून कवच उघडलं, मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलं केलं आणि त्यातून टेप हाताने सावकाश सरकवली. संध्याकाळ गेली, पण सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर चित्र स्वच्छ आलं.

कॅसेट आत्याच्या घरची. वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड केलेल्या तीन गोष्टी तिच्यात निघाल्या: किल्लारी भूकंपाचं मराठी बातमीपत्र, गदिमांच्या गाण्यांचा कार्यक्रम आणि ‘संगीत शारदा’चे दोन अंक. या तिन्हींचा कॉपीराइट शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण ‘पंचवीस वर्षं झाली, आता मोकळं’ हे वाक्य जुन्या कॅसेट जपणाऱ्या आपल्या मंडळींत फार ऐकू येतं.

पंचवीस वर्षं खरी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ प्रसारण संस्थेला तेवढ्या मुदतीचा हक्क देतं. मोजणी प्रसारणाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, आणि बातमी देताना ‘आज पहाटे’ असेच शब्द आहेत. म्हणजे १ जानेवारी १९९४ पासून मोजायचं. तो हक्क ३१ डिसेंबर २०१८ ला संपला.

पण हा हक्क फक्त प्रसारणावरचा. ढिगाऱ्यांची जी दृश्यं त्यात दाखवली, ते चित्रीकरण कायद्याच्या लेखी स्वतंत्र चित्रपट आहे आणि त्याची मुदत ६० वर्षं. शिवाय आज दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती अस्तित्वात आली २३ नोव्हेंबर १९९७ ला. त्याआधीचं दूरदर्शन थेट सरकारी खातं. सरकारी कृतीलाही प्रकाशनापासून ६० वर्षंच. या हिशेबाने ती दृश्यं ३१ डिसेंबर २०५३ पर्यंत बांधलेली आहेत. एकाच बातमीपत्राचं एक कुलूप उघडलं, दुसरं तसंच आहे.

गाण्यांचं गणित आणखी लांबतं. शब्द आणि चाल यांना कर्त्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं. गदिमा आपल्या जिल्ह्यातले, जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे इथला. ते गेले १४ डिसेंबर १९७७ ला, म्हणजे त्यांचे शब्द ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत संरक्षित. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. तो कार्यक्रम कितीही जुना ठरला तरी यात फरक पडत नाही.

‘शारदा’ने मला सगळ्यात जास्त आनंद दिला. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, इथून हाकेच्या अंतरावरचे. १९१६ साली ते गेले, त्यामुळे संहिता कधीच सर्वांची झाली आहे. अडकलंय ते चित्रीकरण, आणि त्यासाठी साल हवं. अंकांच्या आधी ‘साप्ताहिकी’चा, म्हणजे दूरदर्शनवर पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगणाऱ्या कार्यक्रमाचा, एक तुकडा राहून गेला होता. त्यात हे नाटक ‘रविवार, १४ ऑगस्ट’ला असल्याचं सांगतात. १४ ऑगस्टला रविवार आला तो १९८३, १९८८, १९९४ आणि मग थेट २००५ मध्ये. आत्याकडे व्हीसीआर आला १९८६ साली आणि २००५ च्या बऱ्याच आधी तो मोडीत गेला. उरली १९८८ आणि १९९४.

इथे माझा नियम असा: शंका असेल तर उशिराचं साल धरायचं. १९९४ धरलं तरी प्रसारणाचा हक्क २०१९ अखेरीस संपतो. चित्रीकरण त्याच वर्षी पहिल्यांदा दाखवलं असं धरलं तर ते २०५४ अखेरपर्यंत राहतं. म्हणजे देवलांचं नाटक कुणीही उद्या उभं करावं, पण हा प्रयोग यूट्यूबवर चढवायचा तर प्रसार भारतीची परवानगी लागेल. निर्माता बाहेरचा असेल, तर त्याचीही. प्रायोजित मालिकांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून शेवटची श्रेयनामावली नीट वाचा.

मग जतन करायचंच नाही का? करायचं. खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अभ्यासासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला कलम ३९ मोकळीक देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडलं: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवता येते. त्यामुळे नुसती फाइल देण्यापेक्षा कॅसेटच वाचनालयाला द्यावी, असं मला वाटू लागलंय. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या माळ्यांवरून काय काय वाहून गेलं ते पाहिल्यावर एकाच घरात एकच प्रत ठेवणं मला पटत नाही. ग्रंथपालांशी बोलणं सुरू आहे. कॅसेट घरी रेकॉर्ड केलेली आहे हे त्यांना आधीच सांगितलंय.

तोवर सर्वांना एक विनंती. नक्कल काढताना निवेदनं, जाहिराती, घड्याळाचा पडदा, ‘व्यत्यय’ची पाटी यांतलं काही कापू नका. तारीख तिथेच सापडते. कुणाकडे १४ ऑगस्टच्या आसपासची ‘साप्ताहिकी’ असेल तर कळवा, म्हणजे १९८८ की १९९४ हे ठरवता येईल.